पुण्याला शिकायला जाताना

येत्या जुलै महिन्यात आमची भाची पुण्याला शिकायला जाणार आहे. एकच सत्र, साडेचार-पाच महिने. दिवाळी झाली की परीक्षा, आणि परीक्षा झाली की परत. पूर्वी आपल्या बेटावरून जी मुले भारतात जात ती बहुधा शिष्यवृत्ती घेऊन पूर्ण पदवीसाठी जात; तीन वर्षांत त्यांना चुका करायला आणि सुधारायला पुष्कळ वेळ मिळे. एका सत्राला जाणाऱ्यांना तो मिळत नाही. म्हणून भाचीच्या आईने आमच्याकडे एक यादी मागितली. ‘तुम्ही राहून आलेले आहात, काय न्यायचे आणि काय नाही ते लिहून द्या,’ असे तिचे म्हणणे. यादी करायला बसलो, आणि सामानाची यादी अर्ध्या पानात संपली. उरलेले जे मनात आले ते सामानात बसणारे नव्हते. ते येथे मांडतो आहोत, कारण या पानाच्या वाचकांपैकी आणखी काही घरांतही सध्या बॅगा भरल्या जात असतील.

आम्ही पुण्याला गेलो ते २००४ साली. शिक्षकाचे प्रशिक्षण नुकतेच झाले होते, आणि मराठी शिकवणाऱ्याने मराठी मुलखात काही महिने राहून यावे असे वडीलधाऱ्यांना वाटले. आम्हालाही वाटले. खरे सांगायचे तर आम्ही ‘जातो’ असे म्हणतच नव्हतो, ‘परत जातो’ असे म्हणत होतो. पणजोबांच्या बापाने जे सोडले ते आम्ही परत गाठणार, असा काहीसा थाट होता. तो थाट पहिल्या आठवड्यातच उतरला.

घडले ते असे. एका कार्यालयात प्रवेशाच्या कागदांविषयी विचारायचे होते. बैठकेत आणि शाळेत शिकलेले सगळे मराठी गोळा करून आम्ही म्हणालो, ‘महोदय, मला प्रवेशपत्राविषयी माहिती प्राप्त करावयाची आहे.’ समोरच्या कारकुनाने लेखणी खाली ठेवली, शेजारच्याला हाक मारली, आणि आम्हाला तेच वाक्य पुन्हा बोलायला लावले. दोघे हसले. त्यांच्या हसण्यात दुष्टपणा नव्हता हे आज कळते. त्या दिवशी कळले नाही. वर उत्तर मिळाले ते हिंदीत. त्यानंतर जवळजवळ दोन महिने आम्ही बाहेर इंग्रजी बोललो, आणि खोलीवर आलो की बरोबरच्या दोन मॉरिशियन सोबत्यांशी क्रिओल. पाच महिन्यांतले दोन महिने. मराठी शिकायला गेलेल्या माणसाने पुण्यात बसून क्रिओल पक्की केली!

भाचीला पहिली गोष्ट सांगायची ती हीच. आपले मराठी तेथे ऐकणाऱ्याला विचित्र वाटणार. आपण पुस्तकातून शिकलो, ते रस्त्यावर शिकले. ते ‘प्रवेशपत्र’ म्हणत नाहीत, ‘अ‍ॅडमिशनचा फॉर्म’ म्हणतात. ‘प्राप्त करणे’ भाषणात चालते, खिडकीवर ‘फॉर्म कुठे मिळेल?’ एवढे पुरते. आपल्या बोलण्यात हिंदी-भोजपुरीचे शब्द आपल्या नकळत येतात, तेही त्यांच्या कानाला लागतात. हसले तर हसू द्यावे आणि तेच मराठी पुढे चालू ठेवावे. समोरचा हिंदीत किंवा इंग्रजीत वळला तर ‘मराठीत बोला ना, मला शिकायचंय,’ असे म्हणावे. बहुतेक लोक लगेच वळतात, आणि मग थांबत नाहीत.

आम्हाला हे शिकवले ते खाणावळीच्या मावशींनी. आम्ही जेवत होतो ती खाणावळ एका वाड्यात होती. मावशी मूळच्या रत्नागिरीकडच्या. एकदा त्या गावाकडे फोनवर बोलत होत्या आणि बोलताना ‘बापूस’ हा शब्द आला. आमच्या हातातला घास तसाच राहिला. आमची आजी आयुष्यभर ‘बापूस’ म्हणाली. शाळेत आम्ही तो शब्द उच्चारला तेव्हा तो चुकीचा आहे, ‘वडील’ म्हणावे, असे आम्हाला सांगितले गेले; पुढे शिक्षक झाल्यावर आम्हीही मुलांना तेच सांगितले. फोन ठेवल्यावर आम्ही मावशींना म्हणालो, ‘आमची आजीही बापूसच म्हणायची.’ त्यांनी आमच्याकडे नीट पाहिले आणि विचारले, ‘मग तुम्ही आमच्याकडचेच की हो. इतके दिवस इंग्रजी कशाला फाडत होता?’ त्या दिवसापासून त्यांनी आम्हाला मराठीखेरीज दुसऱ्या भाषेत आमटी वाढली नाही. चूक झाली की वाढता वाढता दुरुस्त करीत. उरलेल्या तीन महिन्यांत जे मराठी आम्ही शिकलो त्यातले अर्धे तरी त्या खाणावळीतले आहे.

म्हणून मुलांनी जेवणाची सोय करताना केवळ चव आणि दर पाहू नयेत, जेथे माणसे बोलतात अशी जागा पाहावी. पुण्यात मेस म्हणा, खाणावळ म्हणा, महिन्याचे पैसे आगाऊ देऊन दोन वेळा जेवायची पद्धत आहे. डबा खोलीवर मागवण्याचीही सोय होते. पण डबा कोणाशी बोलत नाही. एक लक्षात ठेवावे की पुष्कळ मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात. पहिल्या रविवारी आम्ही रात्री बिस्किटांवर झोपलो. आपल्या फराट्याला तिथे बहीण मिळेल ती पोळी, पण पुण्यात चपातीला ‘पोळी’ म्हणतात हे माहीत असावे. आमटीत गूळ असतो. रुगाय आणि माझावारूवर वाढलेल्या जिभेला ते आठवडाभर पटत नाही, मग पटते. मासे हवे असतील तर खोली घेण्यापूर्वीच विचारावे. काही घरमालक घरात मांसाहार चालवून घेत नाहीत आणि ते स्पष्ट सांगतात. पुण्याचे लोक स्पष्ट सांगतात, हे तर दारावरच्या पाट्या वाचूनच कळेल. दुपारी एक ते चार काही जुनी दुकाने बंद असतात. त्या वेळी बेल वाजवू नये, एवढे आम्ही अनुभवाने सांगतो.

संबोधनाबद्दल थोडे. क्रिओलमध्ये ‘तो’ आणि ‘उ’ हा भेद आपण पाळतोच, तसाच ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांचा पाळावा. रिक्षावाल्याला ‘दादा’ किंवा ‘काका’, भाजीवालीला ‘मावशी’ किंवा ‘ताई’, घरमालकिणीला ‘काकू’, शिकवणाऱ्यांना ‘सर’ आणि ‘मॅडम’. सगळ्यांना ‘तुम्ही’. वर्गातल्या मुलामुलींना मात्र पहिल्या दिवसापासून ‘तू’; तेथे ‘तुम्ही’ म्हटले तर मुले दूर सरकतात.

एक प्रश्न तुम्हाला वारंवार विचारला जाईल: ‘आडनाव काय? मूळचे कुठले?’ तिकडे आडनावावरून गाव कळते, आणि पुष्कळदा विचारणाऱ्याला जातही जाणून घ्यायची असते. आपली आडनावे त्यांच्या कोणत्याच खणात बसत नाहीत. बोटीतून उतरलेल्या माणसाचे किंवा त्याच्या बापाचे पाळण्यातले नाव कागदावर चढले आणि तेच पुढच्या पिढ्यांचे आडनाव झाले. ‘हे तर नाव झालं, आडनाव काय?’ असे ते म्हणतील. रागावण्याचे कारण नाही. शांतपणे सांगावे की १८३४ पासून पुढे आपले लोक मजुरीच्या करारावर मॉरिशसला आले, मराठी माणसे मुंबई बंदरातून निघाली, आणि आपले नाव असे झाले. पुष्कळ सुशिक्षित माणसांनाही हे ठाऊक नसते. मॉरिशस म्हणजे लग्नानंतर जोडप्याने जायची जागा, एवढेच त्यांनी ऐकलेले असते. आम्ही हा इतिहास पाच महिन्यांत इतक्या वेळा सांगितला की शेवटी तो मराठीत न अडखळता सांगता येऊ लागला. हाही एक अभ्यासच.

आता कागदपत्रे, हा भाग कंटाळवाणा आहे, पण येथे चुकले तर सत्र वाया जाते. व्हिसा विद्यार्थ्याचाच काढावा. पर्यटकाच्या व्हिसावर जाऊन पुढे पाहू, असे कोणी सुचवले तर ऐकू नये. व्हिसावर काय छापले आहे ते विमानात बसण्यापूर्वी वाचावे: १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या विद्यार्थी-व्हिसावर गेलेल्याने पोहोचल्यापासून १४ दिवसांच्या आत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करायची असते, आणि ती आता ऑनलाइन होते. शिवाय परदेशी माणूस मुक्कामाला आला की घरमालकाने किंवा वसतिगृहाने २४ तासांत सरकारला कळवायचे असते. ‘त्याची काही गरज नाही हो,’ असे म्हणणाऱ्या घरमालकाकडे खोली घेऊ नये. फोनच्या सिमकार्डासाठी पासपोर्ट, व्हिसा आणि फोटो लागतात. त्याच्या चार-पाच प्रती आणि एक डझन फोटो येथूनच न्यावेत.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तिकडे कोणते विषय घ्यायचे आणि त्यांचे क्रेडिट आपल्या विद्यापीठात धरले जाणार का, हे निघण्यापूर्वी लेखी घ्यावे. तोंडी आश्वासनावर जाऊ नये. प्रत्येक विषयाचा छापील अभ्यासक्रम परत आणावा. बऱ्याच ठिकाणी ७५ टक्के हजेरी लागते. निकाल तुम्ही परतल्यावर लागण्याचा संभव मोठा, तेव्हा गुणपत्रिका कोण घेणार आणि कशी पाठवणार हे तिकडच्या एखाद्या भरवशाच्या सोबत्याशी ठरवून, कार्यालयात तसे पत्र देऊनच निघावे. आमच्या वेळी एका सोबत्याचा कागद आठ महिन्यांनी आला.

पैशाचा हिशेब करताना आपलाही रुपया आणि त्यांचाही रुपया, म्हणून मुलांचा गोंधळ होतो. आपल्या एका रुपयाला तिकडचे दीड-दोन रुपये मिळतात, दर बदलत राहतो. त्यामुळे पहिला महिनाभर सगळे स्वस्त वाटते आणि दुसऱ्या महिन्यात पाकीट रिकामे होते. रोजचा खर्च वहीत लिहावा. आपल्याकडे २००५ पासून विद्यार्थ्यांना बस फुकट आहे, तिकडे तिकीट काढावे लागते. नेहमीचा रस्ता ठरला की मासिक पासची चौकशी करावी. २०२२ पासून पुण्यात मेट्रो धावते आणि २०२४ मध्ये ती स्वारगेटपर्यंत पोहोचली, त्यामुळे आमच्यापेक्षा तुमचे हाल कमी होतील. रस्ता ओलांडणे मात्र नव्याने शिकावे लागते. आपल्याकडे पांढऱ्या पट्ट्यांवर पाय ठेवला की मोटारी थांबतात. तिकडे दुचाक्या थांबत नाहीत, बाजूने वळून जातात. एखाद्या आजीबाईंच्या शेजारी उभे राहावे आणि त्यांच्याबरोबर पलीकडे जावे. पळू नये.

जुलैत पुण्यात पावसाळा असतो. चामड्याची पादत्राणे येथेच ठेवावीत, छत्री तिकडे घ्यावी. पाणी गाळलेले किंवा उकळलेले प्यावे, डासांपासून जपावे, कारण पावसाळ्यात डेंग्यू होतो. ताप दोन दिवस राहिला तर खोलीत पडून न राहता डॉक्टरकडे जावे आणि घरमालकिणीला सांगावे. मुलींच्या वसतिगृहात रात्री परतण्याची वेळ ठरलेली असते. ती आधी विचारावी. रॅगिंग हा महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याने गुन्हा आहे, हेही जाणून असावे.

जुलैला जाणाऱ्याच्या वाट्याला एक मोठी गोष्ट येते, ती म्हणजे पुण्याचा गणेशोत्सव. आपल्याकडे चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी, घरोघरी पूजा, झाकरी, आणि लगेच मूर्ती डोक्यावर घेऊन नदीवर किंवा समुद्रावर. पुण्यात दहा दिवस चालते. कसबा गणपती, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा हे पाच मानाचे गणपती. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत त्यांचा क्रम ठरलेला. ती मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते. आम्ही सकाळी दहाला लक्ष्मी रस्त्यावर उभे राहिलो ते रात्री उशिरा हललो. ढोल-ताशांचा आवाज छातीत बसतो. आणि तरी, एवढ्या गर्दीत उभे असताना आम्हाला आठवण झाली ती आपल्या गावच्या पन्नास माणसांच्या मिरवणुकीची. तेव्हा थोडे रडू आले. पुण्याचा उत्सव मोठा म्हणून खरा आणि आपला लहान म्हणून नक्कल, असे कोणी तुम्हाला म्हणेल. म्हणू द्यावे. त्यांनी आपली झाकरी पाहिलेली नाही. एखाद्या सोबत्याच्या घरी गणपती असेल तर बोलावण्याची वाट न पाहता ‘मी आरतीला येऊ का?’ असे विचारावे; नाही म्हणणारे घर आम्हाला भेटले नाही. आरत्या आपल्याला पाठ असतातच. तेथे शब्द अडखळत नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत बहुतेक मुलांच्या मनात येते की आपले मूळ गाव शोधावे. आमच्याही आले. येथे जरा सविस्तर लिहितो, कारण या बाबतीत कोणी आधी सांगत नाही. पूर्वजांच्या नोंदी मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. तेथून पूर्वजाचा क्रमांक, नाव, बापाचे नाव, जिल्हा आणि गाव असलेला कागद निघण्यापूर्वी काढून न्यावा. तो कागद पुढेही उपयोगी आहे. मार्च २०२४ मध्ये भारताच्या राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू येथे आल्या तेव्हा सातव्या पिढीपर्यंतच्या भारतीय वंशाच्या मॉरिशियनांना ओसीआय कार्ड मिळण्याची तरतूद जाहीर झाली, आणि तेथेही मूळ दाखवावे लागते. परंतु कागदावरचे गाव परक्या कारकुनाने कानाने ऐकून लिहिलेले आहे. आम्ही नकाशा घेऊन बसलो तेव्हा त्या नावाशी जुळणारी दोन गावे निघाली. जे जवळचे वाटले तेथे गेलो.

एका घराच्या पडवीत एक वृद्ध गृहस्थ बसले होते. आम्ही कागद दाखवला, बोटीची हकीकत सांगितली. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि पहिला प्रश्न विचारला, ‘जमिनीचं काही आहे का?’ आम्ही गळाभेटीची तयारी करून गेलो होतो. त्यांच्या डोळ्यांसमोर सातबाऱ्यावर नाव लावायला आलेला वारस उभा होता. आम्हाला त्या क्षणी फार वाईट वाटले, पण विचार केला तर त्यांचे काय चुकले? दीडशे वर्षे ज्या माणसाची खबर नाही त्याचा वंशज दारात कागद घेऊन उभा राहिला तर कोणीही तेच विचारील. ‘काही नको, फक्त पाहायला आलो,’ असे सांगितल्यावर चहा आला, मग पोहे आले. गावातल्या जुन्या माणसांची नावे त्यांनी आठवून आठवून सांगितली. आमचे नाव त्यांत नव्हते. कदाचित दुसरे गाव खरे असेल. तेथे जायला सुट्टी उरली नव्हती.

तेव्हा जाणाऱ्यांनी एवढे करावे: पावसात घाट उतरू नये, दरडी कोसळतात, दिवाळीनंतर जावे. एकट्याने जाऊ नये, तिकडचा एखादा सोबती घ्यावा. पहिल्याच वाक्यात ‘आम्हाला काही नको’ हे सांगून टाकावे. गाव सापडले तर उत्तम. न सापडले तर घरच्यांना फोनवर तसेच सांगावे, मनाने काही रचून सांगू नये. आमच्या वडिलांनी ऐकून घेतले, थोडा वेळ काही बोलले नाहीत, आणि मग ‘पोहे कसे होते?’ असे विचारले.

पालकांनाही दोन शब्द. पुण्याचे घड्याळ आपल्यापुढे दीड तास असते. आपण रात्री जेवून निवांत दहाला फोन करतो तेव्हा तिकडे साडेअकरा झालेले असतात. आता फोनवर चेहरा दिसतो, खर्च नाही, म्हणून रोज संध्याकाळी मुलाला पडद्यावर बसवू नये. त्याच वेळी तिकडची मुले चहाला जमतात. आठवड्यातून दोन वार ठरवावेत. मुलगी पहिल्या महिन्यात रडली तर ‘परत ये’ असे लगेच म्हणू नये. मात्र ती बोलेनाशी झाली, जेवण टाकले, वर्गाला जाईनाशी झाली असे दिसले तर कॉलेजात आणि घरमालकिणीला स्वतः फोन करावा. वसतिगृहात बरोबर दुसरा मॉरिशियन असावा असा आग्रहही धरू नये. जवळपास असावा. त्याच खोलीत नसावा.

भाचीची बॅग आम्ही काल पाहिली. आईने लोणच्याच्या चार बरण्या, चहाची पाकिटे आणि जाड रजई घातली होती. रजई आम्ही काढायला लावली, बरण्यांतली एक राहू दिली, चहा राहू दिला. तो घरमालकिणीला आणि शिक्षकांना द्यायला बरा. येताना बॅगेत जागा हवी. अप्पा बळवंत चौकात पुस्तकांची दुकाने ओळीने आहेत. तेथून तिने पाच-सहा बालवाचनाची पुस्तके आणावीत, मोठ्या अक्षरांची आणि जाड कागदाची. आमच्या वर्गातल्या मुलांनी २००४ सालची वाचून वाचून फाडली आहेत.